पाच टिंबांच्या शेंगा

व्हॅनिलाचं फूल एकाच सकाळी उघडतं आणि दुपारी मिटतं ते कायमचं. मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्यावर त्या फुलाला फळवणारी माशी नाही, म्हणून ते काम बायकांची बोटं करतात. हातात लिंबाचा काटा घ्यायचा, पाकळी फाडायची, आतला पडदा उचलायचा, अंगठ्यानं हलकेच दाबायचं आणि पुढच्या फुलाकडे वळायचं. अंबुदीमांगा गावात या कामात सुआवेलूचा हात धरणारं कोणी नव्हतं. बावन्नाव्या वर्षीही ती ऊन चढायच्या आत हजारभर फुलं उरकायची. तिचा नवरा झाफी नदीवर लोकांना डोंग्यातून पलीकडे सोडायचा, कारण पूल वाहून गेल्याला चार वर्षं झाली होती. जगभरच्या मिठायांना ज्या जिल्ह्याचा वास, त्या जिल्ह्याला पूल बांधायला सरकारला सवड नव्हती.

फळलेली शेंग नऊ महिने वेलावर राहते, आणि तेवढे महिने घरातल्यांच्या जिवाला घोर. म्हणून फेब्रुवारीत शेंगा हिरव्या असतानाच प्रत्येक शेंगेवर खूण टोचतात. बुचात टाचण्या बसवायच्या आणि शेंगेवर दाबायच्या. शेंग वाळून काळी झाली तरी टिंबं जात नाहीत. सुआवेलूची खूण इतकी वर्षं चार टिंबांची होती. यंदा खालच्या आळीतल्या एका घराची खूण तशीच निघाली, म्हणून तिनं पाचवी टाचणी बसवली: वर तीन, खाली दोन. गावप्रमुख तुंबूच्या वहीत तिनं ती काढून दिली आणि शेजारी सही केली.

एप्रिलमधल्या एका सकाळी ती वेलांपाशी गेली, तर तीनशे वेलांपैकी एकशे नव्वद मोकळे होते. शेंगा कापल्या नव्हत्या, ओरबाडल्या होत्या. कित्येक वेल मुळासकट खाली लोळत होते. तीन महिने आधी तोडलेल्या शेंगेला वास नसतो, वजन नसतं. ती कोण घेणार? पण घेणारा असल्याखेरीज चोर कशाला येईल, हे सुआवेलूला त्याच क्षणी कळलं. ती ओरडली नाही. तुटलेले वेल उचलून तिनं पुन्हा झाडांना बांधायला सुरुवात केली. झाफी आला, त्यानं पाहिलं आणि दगडावर बसून राहिला.

"बेझारा कुठं होता?" त्यानं विचारलं.

बेझारा हा त्यांनी राखणीला ठेवलेला माणूस. तिशीचा, अंगानं काटकुळा, घरी बायको आणि दोन लेकरं. तो म्हणाला, ताप आला होता, घरी पडून होतो. तो डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. सुआवेलूनं ते पाहिलं आणि गप्प राहिली. गप्प राहायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी नदीच्या वरच्या अंगाला एका गावात असाच एक चोर सापडला होता. लोकांनी त्याला चौकात मारलं आणि मारतच राहिले. सुआवेलू त्या दिवशी तिथल्या बाजारात होती. त्या माणसाला घराण्याच्या थडग्यातही जागा मिळाली नाही, रस्त्याकडेला पुरलं. घरी आल्यावर तिला चार दिवस भात गिळवला नव्हता.

जुलै उजाडला. हिरव्या शेंगांचा बाजार सरकार ठरवेल त्या तारखेला उघडतो, त्याआधी खरेदी-विक्री गुन्हा. तारीख अजून दोन आठवडे लांब होती. तेवढ्यात व्यापारी झाओमानानाची गाडी गावात आली. हा माणूस दरवर्षी आंब्याखाली तराजू लावून अख्ख्या गावाचा माल घ्यायचा. सांबावा शहराच्या रस्त्यावर त्याचं मोठं गोदाम होतं. परदेशातून पाहुणे यायचे होते, त्यांना दाखवायला शेंगा निवडणाऱ्या दहा बायका हव्या होत्या. रोज चांगला होता. वेल रिकामे झालेल्या बाईला रोज नाकारून चालत नाही; सुआवेलू गेली. शेजारची जुस्तीनही गेली.

गोदामाच्या दारात चपला काढायला लावल्या, पांढरे कोट दिले. "संध्याकाळी परत करायचे," मुकादम म्हणाला, "आणि पाहुण्यांनी बघितलं की हसायचं."

"दात नसले तर?" जुस्तीननं विचारलं. बायका खुदखुदल्या.

लांब टेबलावर काळ्या शेंगांचे ढीग होते. लांबीनुसार वेगळ्या करायच्या, जुड्या बांधायच्या. सुआवेलूनं तिसरी की चौथी शेंग उचलली आणि तिच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. तिनं शेंग उजेडात धरली. वर तीन, खाली दोन. तिनं दुसरी उचलली. तिच्यावरही तेच. शेंगा बारीक होत्या, तांबूस, कडक. नाकाशी नेल्या तर वाळक्या गवताचा वास. ढिगात हात घालून ती एकेक काढत गेली आणि तिच्यापुढे तिच्याच शेंगांचा ढीग झाला. 

"ही शेंग माझी आहे," ती म्हणाली.

"हळू बोल बाई," जुस्तीन कुजबुजली. "रोज जाईल हातचा."

"रोज? अगं, ह्या माझ्या शेंगा आहेत. माझ्याच शेंगा निवडायला मला रोजानं आणलंय ह्यानं."

झाओमानाना तिथंच होता. उंच, नीट इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. तो टेबलाशी आला. "काय झालं काकू?"

"ही खूण माझी आहे, मालक. एप्रिलमध्ये माझे वेल ओरबाडले. त्या ह्या शेंगा."

"छे हो. मागच्या वर्षीचा माल आहे हा. तुम्हीच विकला असेल मला."

"मागच्या वर्षी माझी टिंबं चार होती. पाचवं यंदा आलं. तुंबूच्या वहीत तारखेसकट आहे."

झाओमानानाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे दाराकडे गेले. पाहुणे आत येत होते. एक पुरुष, गळ्यात कॅमेरा. एक बाई, उन्हानं नाक सोललेलं, चेहरा भला. बरोबर शहरातला दुभाषा फानीरी. बाई सरळ सुआवेलूपाशी आली, काहीतरी बोलली आणि फानीरीकडे बघू लागली.

"त्या विचारतायत, तुम्ही काय सांगत होतात," फानीरी म्हणाला.

सुआवेलूनं शेंग वर धरली. "सांग तिला. ही शेंग मी माझ्या हातानं फळवली. चोरानं ती कच्ची तोडली आणि ह्या मालकानं ती चोराकडून घेतली. बाजार अजून उघडायचाय, तरी ह्याच्याकडे वाळलेला माल तयार आहे. कुठून आला, हे तिनंच ह्याला विचारावं. तिच्या देशात ह्याचं जे काय करतात, ते खाताना लोकांना हे माहीत असू दे."

फानीरीनं झाओमानानाकडे पाहिलं. मग पाहुण्या बाईकडे वळून तो फ्रेंचमध्ये थोडंसं बोलला. सुआवेलू मिशनच्या शाळेत पाचवीपर्यंत शिकली होती. फ्रेंचचे चाळीसेक शब्द तिला येत होते आणि 'खूश' हा त्यातलाच एक. तो शब्द तिला स्पष्ट ऐकू आला. पाहुणी बाई तोंडभर हसली.

"तू काय सांगितलंस तिला?"

"तुम्ही म्हणालात ते."

"मी एवढं बोलले आणि तू एवढंसं सांगितलंस?"

"त्यांची भाषा आखूड असते, मावशी," फानीरी खाली बघत म्हणाला.

मग सुआवेलूनं पाहुणीचा हातच धरला. तिचा अंगठा शेंगेवर ठेवला, टिंबांवरून फिरवला, आणि दुसऱ्या हातानं स्वतःची छाती ठोकून म्हणाली, "माझी. माझी आहे." पाहुणीचे डोळे पाणावले. तिनं शेंग नाकाशी नेली, डोळे मिटले, स्वतःच्या छातीवर हात ठेवून आभार मानले आणि शेंग पर्समध्ये टाकली. तिला वाटलं, बाईनं भेट दिली. पुरुषानं फोटो काढला. मग झाओमानाना सगळ्यांना पुढच्या खोलीत घेऊन गेला.

सुआवेलू जागच्या जागी उभी राहिली. तिला चोराचा राग आला होता, व्यापाऱ्याचा आला होता, पण त्या भल्या बाईच्या हसण्यानं जो संताप तिला आला, तो वेगळाच होता. एवढ्या लांबून विमानानं आली, चार गाड्या बदलून आली, आणि तिला कळलं काय, तर आम्ही खूश आहोत.

तिनं अंगातला कोट काढून टेबलावर टाकला. ढिगातल्या चार शेंगा उघड मुठीत घेतल्या आणि दाराकडे चालू लागली. मुकादम आडवा आला. "शेंगा बाहेर न्यायच्या नाहीत."

"चोरी म्हणून ठाण्यावर कळव," ती म्हणाली. "मग मी पण येते ठाण्यावर. दोघं मिळून सांगू, कोणी कुणाचं चोरलं ते."

मुकादमानं मागे वळून मालकाला शोधलं, मालक दिसेना, आणि तेवढ्यात ती रस्त्याला लागली. चौदा किलोमीटर चालत घरी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, चपला गोदामाच्या दारातच राहिल्या. संध्याकाळी जुस्तीन त्या घेऊन आली. दारात ठेवल्या आणि वर न बघता म्हणाली, "मी थांबले गं. घरात तांदूळ नव्हता."

"मला ठाऊक आहे," सुआवेलू म्हणाली. "बस. कसाव्याचा पाला शिजवलाय, खाऊन जा."

रविवारी प्रार्थनेनंतर गावसभा भरली. सुआवेलूनं चार शेंगा तुंबूपुढे ठेवल्या. तुंबूनं वही उघडली, चष्मा लावला, खूण जुळवली. जुळली. लोकांत गुणगुण सुरू झाली. तुंबू साठीचा, स्वभावानं मऊ. त्याच्या घराचे नवे पत्रे झाओमानानानं दिलेले, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं, इतकंच.

झाओमानाना स्वतः आला. गाडीतून तांदळाची सहा पोती उतरवली आणि सभेपुढे उभा राहिला. "मंडळी, माझी फसगत झाली," तो म्हणाला. "माणसं माल आणतात, मी घेतो. प्रत्येक शेंगेवरची टिंबं मोजत बसलो तर धंदा कधी करू? पण गावाचं नुकसान मला बघवत नाही. माल आणणारा माणूस ह्याच गावचा आहे. नाव सांगतो. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

 मागच्या बाजूला बसलेले दोघंतिघं पुरुष उठून उभे राहिले. शेतावरून आले होते, कोयते कंबरेलाच होते. सुआवेलूनं गर्दीत नजर टाकली. कडेला, केळीजवळ बेझारा बसला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. शेजारी त्याची बायको धाकट्याला पाजत होती. तिला काहीच माहीत नसावं.

"नाव घेऊ नका," सुआवेलू म्हणाली.

झाओमानाना वळला. "काकू, तुमचाच चोर आहे."

"माझा आहे ना? मग त्याचं काय करायचं ते मी बघते. त्याच्या थोबाडीत मारायचा हक्क माझा. तुम्ही नाव घेतलंत तर इथं काय होईल, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. माणूस मरेल, गाव चार महिने एकमेकांशी बोलणार नाही, आणि तुम्ही तराजू घेऊन याल." ती तुंबूकडे वळली. "आपला दीना वाचा, भाऊ."

दीना म्हणजे गावानं स्वतःसाठी केलेला कायदा. सगळ्या घरांनी त्यावर अंगठे उठवलेले. तुंबू अडखळत म्हणाला, "सगळ्यांना माहीत आहे की तो."

"चोराचं कलम माहीत आहे. चौथं वाचा."

तुंबूनं कागद शोधला, बराच वेळ शोधला. शेवटी वाचलं: जो कोणी तारखेआधी व्हॅनिला विकत घेईल, त्यानं गावाला एक बैल द्यावा, आणि तो माल सर्वांसमक्ष जाळावा.

"हे कलम आपणच लिहिलं," सुआवेलू म्हणाली. "कधी कुणाकडून बैल घेतला? वरच्या गावात माणूस मारला, त्याच्याकडून माल घेणाऱ्याचं कोणी नावसुद्धा विचारलं नाही. शेंग तोडणारा हात दिसतो आपल्याला. वजन करणारा हात दिसत नाही? तो माल घेतो म्हणून हा तोडतो. न घेतला तर शेंगा काय भाजी करून खाणार आहे तो? कच्ची व्हॅनिला डुक्कर खात नाही."

कोणीतरी हसलं. कोयतेवाले अजून उभेच होते, पण आता त्यांची नजर झाओमानानावर होती.

"मी ह्या गावचा नाही," झाओमानाना म्हणाला. आवाजातला गोडवा गेला होता. "तुमचा दीना तुमच्यापुरता. माझ्याकडे सरकारी परवाना आहे. आणि दोन आठवड्यांनी माल कुणाला विकणार आहात? पूल आहे का तुमच्याकडे? रस्ता आहे का? मी गाडी घेऊन येतो म्हणून तुमच्या घरात मीठ आहे." तो गाडीत बसला आणि गेला. पोती राहिली.

तुंबू म्हणाला, तांदूळ तर वाटून घेऊ. सुआवेलू म्हणाली, मला नको. तिच्यासारखी आणखी काही घरं रिकाम्या हातानं उठली. बाकीच्यांनी टोपल्या आणल्या. जुलैत ज्याच्या घरचा कणगा रिकामा, त्याला कुणी काय बोलायचं? पण घरी जाताना सुआवेलूला राहवलं नाही. "सहा पोत्यांत गाव गप्प," ती झाफीला म्हणाली. "आणि ह्यात त्याचा खर्च किती, तर माझ्या मूठभर वेलांएवढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेझारा वेलांपाशी आला. लांब उभा राहिला.

"किती दिले त्यानं?" तिनं विचारलं.

"दोन पोती तांदूळ. आणि जुना फोन."

"एकशे नव्वद वेलांचे?"

"लेकराला मलेरिया होता, काकू. तो म्हणाला, नाहीतरी कोणीतरी नेणारच."

तिनं पुढे होऊन त्याच्या एक थोबाडीत दिली. जोरात दिली, तिचाच हात झिणझिणला. "माझ्याकडे आला असतास तर मी औषधाला दिलं नसतं का? वर्षभर माझ्या चुलीवरचा भात खाल्लास." बेझारा मान खाली घालून रडू लागला. तिला त्याची दया आली नाही, निदान त्या दिवशी तरी नाही. तिनं अजून बांधायच्या राहिलेल्या वेलांकडे बोट दाखवलं. "बांध ते. आणि फुलं लागली की रोज सकाळी इथं यायचं, सगळी फळवून होईपर्यंत. रोजाचे पैसे मिळणार नाहीत." तो कामाला लागला. हंगामभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

बाजाराची तारीख आली. झाओमानानाचा तराजू आंब्याखाली लागला. सुआवेलूनं उरलेल्या एकशे दहा वेलांचा माल टोपलीत घातला, अंगावर पांघरायच्या लांब्याच्या कापडानं बांधला, डोक्यावर घेतला आणि आंब्यासमोरून न थांबता नदीकडे गेली. पलीकडच्या तीरावर, दोन तासांच्या चालीवर दुसरा एक व्यापारी होता. त्याचा दर कमी होता, पाचवा हिस्सा कमी. पण त्याचा तराजू तारखेआधी कुणी पाहिला नव्हता.

झाफीनं डोंगा तयार ठेवला होता. तिला वाटलं होतं, आपण एकटीच. मागे वळली तर जुस्तीन टोपली घेऊन येत होती, तिच्यामागे वरच्या आळीतले दोन भाऊ, मग आणखी. चाळीस घरांपैकी सतरा घरं आली. झाफीला डोंग्याच्या सहा खेपा कराव्या लागल्या. "आज कोणाकडून काही घेणार नाही," तो म्हणाला, "पण बायकोकडून दुप्पट."

दुपारी झाओमानानानं दर वाढवल्याची बातमी नदीपर्यंत आली. सतरातली पाच घरं परत फिरली. तिघांनी तोंड लपवलं. दोघांनी सरळ सांगितलं, मुलांची फी भरायची आहे. सुआवेलूनं कोणाला अडवलं नाही. आंब्याखाली उरलेल्यांना मात्र त्या दिवशी कधी नव्हे तो चांगला दर मिळाला, आणि तो कशामुळे मिळाला हे त्यातल्या कोणी बोलून दाखवलं नाही. तुंबूनं बैलाचा विषय पुन्हा काढला नाही. त्या पाच टिंबांच्या शेंगा कधी जाळल्या गेल्या नाहीत. सप्टेंबरात बाकीच्या मालाबरोबर त्या पेट्यांत भरून बंदरावर गेल्या.

डिसेंबरात फानीरी एकदा डोंग्यातून पलीकडे जायला आला. डोंग्यात बसलेल्या सुआवेलूला बघून तो चरकला, मग आपणहून फोन काढून पुढे धरला. परदेशी कंपनीच्या जाहिरातीत तिचा फोटो होता. छातीवर हात, तोंड उघडं, 'माझी' म्हणतानाचा. खाली लिहिलं होतं की इथल्या बायका आपल्या कामावर जीव लावतात.

"मला माफ करा, मावशी," तो म्हणाला. "त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर मला पुन्हा काम मिळालं नसतं."

"मिळालं का?"

"मिळालं."

"मग त्या बाईचा पत्ता असेल तुझ्याकडे. लिही तिला. मी सांगते ते सगळं लिही. आखूड करू नकोस."

डोंगा तीराला लागेपर्यंत तिनं सांगितलं आणि त्यानं फोनवर लिहून घेतलं. तिच्यासमोरच पाठवलं. उत्तर आलं की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. फानीरी नंतर त्या बाजूला फिरकला नाही.

पुढच्या वर्षी झाओमानाना अंबुदीमांगात आला नाही. त्याचं काही बिघडलं नव्हतं. त्यानं तराजू नदीच्या खालच्या अंगाला, तीन गावं सोडून लावला, आणि मार्चपासूनच तिथले वेल मोकळे व्हायला लागल्याच्या बातम्या येऊ लागल्या. एप्रिलमध्ये तिथं एक चोर धरला. अजून जिवंत होता, चर्चमध्ये कोंडून ठेवला होता. सुआवेलूनं ऐकलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि उठली.

"कुठं?" झाफीनं विचारलं.

"डोंगा काढ."

"ते आपलं गाव नाही. तुझं कोण ऐकणार तिथं?"

"नाही ऐकलं तर परत येईन," ती म्हणाली आणि लांबा खांद्यावर टाकून नदीकडे चालू लागली. झाफीनं वल्हं उचललं.

ती पोचली तेव्हा गाव चौकात जमलं होतं. तिथला प्रमुख तरुण होता. त्यानं विचारलं, बाई, तुम्ही कोणाच्या? ती म्हणाली, मी कोणाची नाही. चर्चमधल्या माणसाला हात लावायच्या आधी त्यानं माल कोणाला विकला, ते त्याला विचारा, मोठ्यानं, सगळ्यांपुढे, आणि तुमच्या दीनातलं माल घेणाऱ्याचं कलम वाचा. लोक तिच्यावर ओरडले, एकानं तिला ढकललं. ती पडली, उठली, लांबा झटकला आणि चर्चच्या पायरीवर दाराला पाठ लावून बसली. झाफी येऊन शेजारी बसला. दुपारभर ती दोघं तिथून हलली नाहीत. शेवटी तो तरुण प्रमुख दीनाचा कागद घेऊन आला, आणि उभ्याउभ्याच, पहिल्या कलमापासून मोठ्यानं वाचायला लागला.